उमेचे दोन आखाड

टँकरवाल्याने माझा फ्रॉक पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्याला वाटलं, गच्चीवर मांडवाची झालर वाळत घातलीय.

"कोणाचं लग्न?" त्याने खालूनच विचारलं.

"लग्न नाही, फॅशन आहे."

"घालणार कोण?"

"मी."

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा फ्रॉककडे, आणि मुकाट्याने पाइप टाकीत सोडला. दुष्काळात त्याने बरंच काही पाहिलं असणार, पण हे नसणार.

तर हा फ्रॉक म्हणजे माझं हाराजुकू. टोकियोत त्या नावाचा एक भाग आहे. तिथल्या मुली झालरीचे, लेसचे, कमरेपासून फुगलेले फ्रॉक घालून रस्त्यावर फिरतात. लग्न नाही, गॅदरिंग नाही, हळदीकुंकू नाही, नुसत्या फिरतात. बाबांच्या जुन्या फोनवर मी हे आठवीत असताना पाहिलं आणि माझं डोकंच फिरलं. तोपर्यंत वर्गाच्या फोटोत मी कायम मागच्या रांगेत, कोणाच्या तरी खांद्याआडून अर्धा चष्मा दाखवत उभी असायचे. नटायचं तर कारण लागतं असं मला वाटायचं, आणि माझ्याकडे कारण नव्हतं. या मुलींकडेही नव्हतं. त्या सरळ निघाल्या होत्या.

मग मी जन्नतला पकडलं. जन्नत माझ्या बाकावर बसते. तिच्या अब्बांचं, नवाबभाईंचं, औरंगाबादेत शहागंजला लेस आणि गोट्याचं, म्हणजे जरीच्या पट्ट्यांचं, दुकान आहे. गठ्ठ्याच्या शेवटी उरलेल्या लेसचे तुकडे ते तिला देऊन टाकतात आणि ती अम्मीच्या मशीनवर काहीही शिवू शकते. आतला फुगारा आम्ही जुन्या मच्छरदाणीचा केला आणि त्याला भाताच्या पेजेची खळ दिली. वेगळी खळ करायला पाणी कुठलं? बोअर मार्चमध्येच आटला होता. आमच्याकडे चिकलठाण्याच्या बाजूला नव्या नव्या इमारती रोज एक मजला वर चढतात आणि पाणी रोज एक हात खाली जातं. आईचा नियम असा की भात माणसांसाठी शिजेल, उरलेली पेज फ्रॉकची.

तसेच दोन फ्रॉक घालून आम्ही दोघी कॅनॉटच्या बाजारात गेलो तेव्हा एका रिक्षावाल्याने विचारलं, "मॅडम, सर्कस कुठं लागलीय?"

"यहीं," जन्नत म्हणाली. "टिकट निकालो."

त्या दिवसापासून मी फोटोत मागे उभी राहत नाही.

बाहुल्या त्याच वाटेने आल्या. फ्रॉक शिवायला शिकताना माप छोटं असलं की कापड कमी लागतं, म्हणून आधी बाहुलीचा शिवायचा आणि मग माझा. जाफर गेटच्या रविवारच्या बाजारात भंगारातल्या बाहुल्या मिळतात. कोणाला हात नाही, कोणाला केस नाहीत. मी त्यांना घरी आणते, घासते, रंगवते, सजवते. आई माझ्या खोलीला पोरींचं वसतिगृह म्हणते.

त्या वसतिगृहाची राणी उमे. ती मला सापडली तेव्हा तिला एकच डोळा होता आणि डोकं नारळासारखं गुळगुळीत होतं. पण सांधे असे की गुडघा वाकतो, मनगट वळतं, मान तिरकी होते. कुठल्या देशातून आली देव जाणे. दिवाळीच्या सगळ्या सुट्टीत मी तिचा चेहरा बारीक पॉलिश पेपरने घासला, नवे डोळे बसवले, एकेक पापणी सुईच्या टोकाने रंगवली. जन्नतने तिला फिक्या गुलाबी केसांचा टोप केला. उमे म्हणजे जपानी भाषेत एक फूल, जे ऐन थंडीत फुलतं.

दहावी सुरू होण्याआधीच चिकलठाण्याच्या मॉलमध्ये स्पर्धा जाहीर झाली. जूनचा शेवटचा रविवार, ‘हटके स्टाइल’, वयाची अट नाही. जन्नतने जांभळ्या रंगाचे दोन फ्रॉक शिवले, एक माझा, एक उमेचा, बटणापर्यंत सारखे. मी उमेला हातावर बसवून चालणार आणि लोक बघत राहणार. अर्जावर मी माझं आणि उमेचं, दोघींची नावं लिहिली.

आणि मग मृगाचा पहिला आठवडा कोरडा गेला.

आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर मालनबाई राहतात. त्या भजनी मंडळाच्या प्रमुख, रीतिरिवाजांच्या प्रमुख आणि टँकरच्या रांगेच्याही प्रमुख. आवाज असा की माइक लाजेल. त्यांचं माहेर कन्नड तालुक्यातलं. त्या म्हणाल्या, त्यांच्या लहानपणी मृग कोरडा गेला की पाऊस यावा म्हणून गल्लीतल्या बायका बाहुला-बाहुलीचं लग्न लावायच्या. नवरदेव त्यांच्याकडे होताच. त्यांचा लहानपणचा लाकडी बाहुला, नाव श्रीरंग, मिशा अर्ध्या उडालेल्या, फेटा मात्र नवा. नवरी शोधत त्या आमच्या घरी आल्या.

माझ्या खोलीत उभ्या राहून त्यांनी सगळ्या बाहुल्यांवरून नजर फिरवली, जशी भाजीवरून फिरवतात. मग बोट उमेवर थांबलं.

"ही. हिच्या तोंडावर तेज हाय. कुणी रंगवलं?"

"मी."

"लई नाजूक हात हाय गं तुझा."

इथे मी संपले. जन्नत सोडली तर माझ्या पापण्यांचं कौतुक आजवर कोणीही केलं नव्हतं. मी हो म्हणाले. मनात म्हटलं, एक संध्याकाळ मिरवेल आणि घरी येईल.

लग्न जोरात झालं. बाबा पाटबंधारे खात्यात आहेत, दिवसभर कोरड्या धरणांचे आकडे भरतात. पण त्यांचे आजोबा भिक्षुकी करायचे, त्यामुळे भटजी म्हणून त्यांनाच बसवलं. ते आधी "मी ऑफिसचा माणूस आहे" म्हणत होते, पण चौथ्या मंगलाष्टकाला इतके रंगात आले की पाचवं स्वतः रचून म्हणाले. वाजंत्री म्हणून ताटं होती. पत्रावळी होत्या, कारण भांडी घासायला पाणी नव्हतं. उमे जांभळ्या फ्रॉकवर मुंडावळ्या बांधून अशी दिसत होती की टोकियोतल्या मुलींनी जागच्या जागी लग्न ठरवलं असतं.

"कन्यादान कोण करणार?" बाबांनी विचारलं.

"जिनं घडवली तिनं," मालनबाई म्हणाल्या.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. एवढ्या बायका एकदम माझ्याकडे बघताहेत म्हटल्यावर मी थेट पुढेच. पळीभर पाणी हातावरून सोडलं, बाबांच्या मागून संकल्प म्हटला, तोही मोठ्याने. बायकांनी टाळ्या वाजवल्या. जेवणं झाल्यावर मी उमेला घ्यायला हात पुढे केला.

"आता कुठं?" मालनबाईंनी तिला पदराआड घेतलं. "गृहप्रवेश व्हायचाय."

"बरं. मग उद्या सकाळी येऊ का न्यायला?"

"सून कुणी परत देतं का गं, विहीणबाई?"

सगळ्या हसल्या. मीसुद्धा हसले. त्या चेष्टा करत नव्हत्या हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी गेले तर उमे टीव्हीसमोर पाटावर बसलेली, शेजारी श्रीरंगराव. अंगावर हिरव्या इरकलीच्या काठातून कापलेली नऊवारी, कपाळावर टिकली. आणि गुलाबी केसांना चपचपीत खोबरेल लावून घट्ट अंबाडा.

"काकू, तेल लावलं?"

"मग? घरची सून केस मोकळे सोडून बसंल व्हय?"

"पण तिचे केस तेलाचे नाहीत."

"आमच्या घरात समद्यांचे केस तेलाचे हायेत." त्यांनी उमेची टिकली सरळ केली. "सासू म्हणून सांगते, गुणाची हाय. मालिका लागली की एकटक बघते. बातम्यांना मान फिरवते."

मान त्यांनीच फिरवली असणार, पण ते बोलायची माझी हिंमत झाली नाही.

"काकू, मला ती स्पर्धेला पाहिजे. शेवटच्या रविवारी."

"उसनं भांडं मागावं तसं काय गं मागतीस? लग्न केलंस, पाणी सोडलंस. गल्लीनं बघितलंय."

घरी येऊन मी बाबांना विचारलं, हे कन्यादान रद्द कसं करायचं. बाबांनी चष्मा काढून पुसला.

"त्याला फॉर्म नाही," ते म्हणाले.

आई म्हणाली, "तुझ्याकडे अजून ढीगभर आहेत. त्यातली एखादी घेऊन जा." आईला असं वाटतं की बाहुली म्हणजे बटाटा, एक नासला तर दुसरा घ्यायचा. ज्या चेहऱ्यावर मी सगळी दिवाळी घातली तो चेहरा आता कोपऱ्यावरच्या घरात मालिका बघत होता, आणि तो तिथेच राहणार होता. मी त्या दिवशी जेवले नाही. म्हणजे भात खाल्ला, पण रागाने.

जन्नतला शाळेत सांगितलं तर ती दप्तर आपटून बसली.

"लड़की दे दी? मेरेकू पूछे बगैर?"

"मला माहीत नव्हतं गं परत मिळत नाही."

"कपड़े मैं सिऊं, बाल मैं बनाऊं, और शादी में दावत भी नहीं? निकाह करती तो कम से कम मेहर लिखा लेते."

"आता काय करायचं ते सांग."

"करना क्या है, रुखसती हो गई, बिदाई हो गई," ती म्हणाली. मग माझा चेहरा बघून जरा विरघळली. "रो मत, नक्को. सोचते कुछ."

दोन दिवस आम्ही विचार केला. चोरी करायची हा विचार जन्नतचा, आणि श्रीरंगाशी घटस्फोट हा माझा. दोन्हींत मालनबाई होत्या, म्हणून दोन्ही सोडले.

आणि त्याच आठवड्यात वैदेहीताई आली. ती माझी चुलत बहीण, काकांची मुलगी. काका आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. मे महिन्यात तिचं लग्न झालं, कन्नडला दिलीय. स्थळ मालनबाईंनीच आणलं होतं, त्यांच्या माहेराच्या शेजारचं घर. मी शाळेतून आले तर ताई काकूच्या हातचं पिठलं खात बसलेली आणि दारात दोन मोठ्या बॅगा.

"भांडून आलीस?" मी विचारलं.

"गप गं. आखाड आहे. नव्या नवरीने पहिल्या आखाडात सासरी राहायचं नसतं. सासूने तोंड बघायचं नसतं म्हणे सुनेचं."

"किती दिवस?"

"दोन महिने. यंदा आषाढ अधिक आलाय ना, दोन दोन आषाढ. सासूबाई आधी म्हणत होत्या, अधिक कशाला धरायचा. पण मालनबाईंचा फोन आला त्यांना. शास्त्र म्हणजे शास्त्र, दोन्ही पाळा म्हणून." ताईने लोणच्याची फोड चाटली. "देव भलं करो त्यांचं. नुसती झोपणार आहे मी."

मी तिथेच खाली बसले. मग उठले. मग जन्नतला फोन केला.

सासरहून मुलीला माहेरी आणायला जो जातो त्याला मुराळी म्हणतात. सहसा भाऊ जातो. आम्ही जन्नतला नेलं. ती अब्बांच्या दुकानातली गोट्याची पट्टी फेट्यासारखी डोक्याला गुंडाळून आली, हातात नारळ. मी ब्लाउजपीस घेतला. आणि वैदेहीताईला, तिला झोपायचं असूनही, ओढत नेलं.

मालनबाईंनी दार उघडलं आणि जन्नतच्या डोक्याकडे पाहिलं.

"ही कोण?"

"लड़की की भाई," जन्नत म्हणाली. "आखाड लग गया, काकू. बहन को ले जाने आई."

मालनबाईंच्या चेहऱ्यावर आधी हसू आलं, मग त्यांना सगळं कळलं आणि ते गेलं. त्या पाटाच्या पुढे येऊन उभ्या राहिल्या, उमे दिसणार नाही अशा.

"आता चालू हाय तो अधिक महिना. मलमास. तो धरत नसतात. खरा आखाड फुडं हाय, तवा बघू."

पुढे म्हणजे स्पर्धा होऊन गेल्यावर. पण मी काही बोलायच्या आत वैदेहीताईने जांभई दिली.

"असं का काकू? मग मी उद्याच्या गाडीने परत जाते कन्नडला. सासूबाईंना सांगते, मालनबाई म्हणाल्या अधिक धरत नाहीत. तुम्हीच फोन केला होता ना त्यांना, म्हणून विचारते."

बाहेर कोणीतरी घागरी नळाखाली लावत होतं, नळ कोरडा होता तरी, सवयीने. कन्नडमध्ये मालनबाईंच्या शब्दाला वजन आहे. शेजारच्या सुनेला एक शास्त्र आणि घरच्या सुनेला दुसरं, हे तिथे एकदा पोचलं की पुढची दहा लग्नं हातची जाणार, हे त्यांच्या डोळ्यांत सरळ दिसत होतं.

"तू बस गं, वैदेही. तुला कोण जा म्हणतंय," त्या शेवटी म्हणाल्या. "नेऊ देत. मी काय अडवते व्हय?"

मग त्यांनी उमेची ओटी भरली, चिमूटभर तांदळाने, एका बदामाने. एका डब्यात तिचे कपडे घातले. ते पाहून माझा राग थोडा घसरला. एक रोजची नऊवारी, एक सणाची, परकर, चिमुकली गोधडीसुद्धा. हे सगळं त्यांनी इतक्या थोड्या दिवसांत हाताने शिवलं होतं. टाका इतका बारीक की जन्नतने डोक्याचा गोटा वर सरकवून, जवळ जाऊन पाहिला.

उमेला माझ्या हातात देताना त्यांनी तोंड फिरवलं.

"आता दोन महिने मी हिचं तोंड बघणार नाय. दुपारी एकटीला टीव्हीसमोर बसवू नका. घाबरते."

घरी आणल्यावर खरी पंचाईत कळली. टोपातलं तेल जाईना. मी शाम्पू घेतला तर आईने मग हातातून काढून घेतला.

"माणसांना डोक्यावरून पाणी मिळत नाही आणि बाहुलीला शाम्पू? अजिबात नाही."

जांभळ्या फ्रॉकवर चपचपीत अंबाडा अगदी भयानक दिसत होता. रविवार जवळ आला होता. जन्नत पलंगावर उमेला उलटसुलट करत बसली आणि अचानक म्हणाली, "वो तेरे जैसी नहीं होती तो तू उसके जैसी हो जा."

"म्हणजे?"

"नौवारी. नीचे फुगारा. ऊपर लेस. जपानवाली लड़कियां भी तो किमोनो के नीचे झालर पहनतीं, तूनेच दिखाया था."

मी आरशात पाहिलं. मग खोबरेलाची बाटली काढली. टोकियोत काय म्हणतील याची मला पर्वा नव्हती. आपल्या वर्गातला कोणी मॉलमध्ये भेटला तर काय म्हणेल, याची जरा होती, आणि तीही पहिला पदर ओढेपर्यंतच टिकली.

पण उमेची नऊवारी ज्या इरकलीच्या काठातून कापली, तीच साडी मला लागणार होती आणि ती मालनबाईंच्या ट्रंकेत होती. मी एकटीच गेले, उमेला घरी ठेवून. त्यांनी ऐकून घेतलं आणि साडी काढली.

"नेसता येते का?"

"व्हिडिओ बघून नेसेन."

"व्हिडिओ बघून नऊवारी सुटते फक्त," त्या म्हणाल्या. "मी येते तुझ्यासंगं."

आणि लगेच त्यांच्या लक्षात आलं की उमेही तिथेच असणार. त्यांचा हात साडीवर थांबला. शास्त्र म्हणजे शास्त्र. यायचं होतं, पण शास्त्रही मोडायचं नव्हतं. इतक्या हिरमुसलेल्या मालनबाई मी कधी पाहिल्या नव्हत्या, टँकर रिकामा आला होता तेव्हासुद्धा नाही.

रविवारी दुपारी हा प्रश्न जन्नतनेच सोडवला. आपल्या औरंगाबादेत मुली स्कूटीवर जाताना तोंडाला स्कार्फ बांधतात ना, उन्हापासून, धुळीपासून, आणि मामाच्या नजरेपासून, तसाच तिने एक चिमुकला स्कार्फ उमेला बांधला. फक्त डोळे उघडे.

"डोळे दिसते, काकू. चलेगा?"

मालनबाई पाठ करून उभ्या होत्या. त्यांनी बराच विचार केला. "डोळे म्हंजे तोंड नव्हं," त्यांनी निकाल दिला आणि वळल्या.

जुळी पाहिजे म्हणून मग मलाही स्कार्फ बांधावा लागला. मॉलच्या चकचकीत फरशीवरून मी चालले तेव्हा माझ्या अंगावर हिरवी इरकल होती, खाली पेजेने कडक झालेला मच्छरदाणीचा फुगारा, पायात कॅनव्हासचे बूट, डोक्यावर तेलाने चमकणारा अंबाडा, तोंडावर स्कार्फ आणि हातावर अगदी तशीच उमे. आधी कोणीतरी खिदळलं. मग वरच्या मजल्यावरून एक शिट्टी आली. मग सरकत्या जिन्यावर स्कार्फ बांधून उभ्या असलेल्या कॉलेजच्या मुलींनी एकदम टाळ्या सुरू केल्या, जशी त्यांचीच टीम उतरली होती.

परीक्षक बाईंनी माइक पुढे केला. "ही जपानची कुठली स्टाइल म्हणायची?"

मी तोंड उघडलं, पण माझ्या आधी पहिल्या रांगेतून, माइकशिवाय, अख्ख्या मॉलला ऐकू जाईल असा आवाज आला.

"कन्नडची हाय. माझी सून हाय ती."

नंबर आला नाही. पहिला नंबर मोरपिसांच्या जॅकेटला गेला. मला फार वाईट वाटायला हवं होतं, पण त्या कॉलेजच्या मुली फोटोसाठी रांग लावून उभ्या होत्या आणि मालनबाई त्यांना एकेक करून पुढे सोडत होत्या, टँकरच्या रांगेसारख्या.

परत येताना रिक्षात आम्ही तिघी दाटीवाटीने बसलो. उमे मालनबाईंच्या मांडीवर, तोंड रस्त्याकडे.

"आखाड संपला की श्रावण," त्या म्हणाल्या. "पहिली मंगळागौर. ती सासरीच."

"माहेरी पण करतात, काकू."

"करतात. पण माझ्या घरात जागा जास्त हाय. बायका फुगडी कुठं खेळतील, तुझ्या खोलीत?"

जन्नत मधे बसून एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. मी उमेकडे पाहिलं. स्कार्फच्या वर मी रंगवलेल्या पापण्या, स्कार्फच्या खाली त्यांनी घातलेले टाके.

"बरं, सासरी," मी म्हटलं. "पण केसांना तेल नाही."

"तेल लागणार."

"मग खोबरेल नाही."

मालनबाईंनी उमेचा पदर सारखा केला, बराच वेळ. रिक्षा आमच्या वळणावर आली तेव्हा त्या म्हणाल्या, "बदामाचं. पण ते तू आणायचंस."